आठ गावांचा बँड

रत्नागिरी,
कोजागरीनंतरचा रविवार

प्रिय दोस्ता,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. दोन गिटार, एक अकूस्टिक बास, एक काहोन (बसून वाजवायचं पेटीसारखं तालवाद्य), तुम्ही चौघं, गाणी स्वतःची आणि त्यातली निम्मी मालवणीत! वाचून फार आनंद झाला. मुंबईच्या मोठ्या स्पर्धेत उतरावं की पुण्याच्या कॅफेंमधून वाजवत फिरावं, असं तू विचारलंयस. या हंगामात दोन्ही नको. तुमच्या कुडाळपासून तासा-दीड तासाच्या आतली आठ गावं निवड आणि दिवाळीपासून मिरगापर्यंत प्रत्येक गावात तीनदा जा. चोवीस गावांत एकेकदा वाजवलंत तर चोवीस ठिकाणी लोक 'पोरां बरी गायली' म्हणतील आणि घरी जातील. त्याच गावात तिसऱ्यांदा उभे राहिलात की धृपद लोक उचलतात, आणि पुढच्या वेळी शेजारच्या वाडीतल्या चार जणांना घेऊन येतात.

हे आपल्या मातीत आधीपासून आहे. डबलबारीच्या, म्हणजे भजनाच्या सामन्यात समोरासमोर गाणाऱ्या, बुवांकडे बघ. अमक्या बुवांची बारी तमक्या देवळात आहे असं कळलं की माणसं मोटरसायकल काढून दुसऱ्या तालुक्यात जातात. त्या बुवांचा गळा, त्यांचा पखवाजी, गजर चढवायची त्यांची रीत लोकांनी वर्षानुवर्षं ऐकलेली असते. दशावतारी मंडळ त्या गावच्या जत्रेला ठरल्या तिथीलाच येतं, म्हणून त्याची जाहिरात करावी लागत नाही. तुम्हीही तेच करा. प्रत्येक गावाला त्याचा ठरलेला दिवस सांगून टाका, एखाद्याला 'पौर्णिमेच्या जवळचा शनिवार'. रात्री परतणाऱ्यांना उजेडही मिळतो.

तारखा धरताना गावाचं वेळापत्रक आधी. भातकापणी-झोडणी आटपेपर्यंत कोणी फिरकणार नाही. त्या गावची किंवा शेजारची जत्रा असेल तो आठवडा सोड, शिमग्याचे दिवस पूर्ण सोड. देवगडकडे आंबा उतरायला लागला की बागायतदार आणि कामगार दोघंही दमलेले असतात, तिथला दुसरा कार्यक्रम जानेवारीतच उरक.

जागेचं म्हणशील तर पहिली पसंती घराच्या खळ्याला, म्हणजे अंगणाला. साठ-सत्तर माणसं सारवलेल्या जमिनीवर चटया टाकून बसतात, वर झापांचा मांडव असला तर आवाज घुमत नाही. देवळाचा सभामंडप मोठा असतो, पण गुळगुळीत फरशी, चिऱ्याच्या भिंती आणि वर पत्रा असला की काहोनचा प्रत्येक ठोका तीनदा ऐकू येतो आणि शब्द बुडतात. मालवणी गाण्याचा जीव शब्दांत आहे. सभामंडपातच वाजवायचं असेल तर आवाज वाढवू नकोस, कमी कर. स्पीकरची तोंडं मागच्या भिंतीकडे न ठेवता थोडी आत आणि खाली बसलेल्यांकडे वळव, आणि लोकांना पुढे ओढून बसव. माणसांचे कपडे आवाज शोषतात, रिकामी फरशी तो परत फेकते. देवस्थान समिती आणि मानकऱ्यांना आधी भेटून गाण्यांचे शब्द वाचून दाखव.

आता साउंड. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण चांगले बँड इथेच माती खातात.

बारा इंची दोन पॉवर्ड स्पीकर (आतच अँप्लिफायर असलेले), आठ चॅनेलचा मिक्सर, गळ्यांसाठी तीन डायनॅमिक माइक, काहोनला एक, गिटार-बासचा आवाज मिक्सरला नीट जोडणारे तीन डीआय बॉक्स, एवढ्यात खळं भरतं. स्पीकर माइकच्या रेषेच्या किमान दीड मीटर पुढे, आणि हॉर्न (उंच स्वरांचा कर्णा) बसलेल्यांच्या डोक्यावरून जाईल इतक्या उंच स्टँडवर. मॉनिटर (गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) कुठे ठेवायचा ते माइकच्या जातीवर ठरतं. कार्डिओइड माइक बरोबर पाठीमागून बहिरा असतो, म्हणून मॉनिटर गाणाऱ्याच्या नाकासमोर. सुपरकार्डिओइड मागच्या दोन्ही कोपऱ्यांतून बहिरा असतो, तिथे मॉनिटर तिरका सरकवावा लागतो. हे न बघता ठेवला की शिट्टी सुरू होते आणि दोष बिचाऱ्या मिक्सरवाल्याला जातो. माइकची जाळी मुठीत धरायची सवयही मोड. मूठ आवळली की माइकची दिशा बिघडते आणि तो चहूबाजूंनी ऐकू लागतो.

गिटारच्या ब्रिजखालच्या पिएझो पिकअपचा (कंपनं टिपणाऱ्या पट्टीचा) आवाज थेट मिक्सरमध्ये घातला तर पातळ आणि कर्कश येतो, कारण पिएझोला समोर फार मोठा इनपुट इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विद्युत अडथळा) लागतो, निदान एक मेगाओहम. गिटारीत प्रीअँप (सिग्नल आधीच सबळ करणारं सर्किट) असेल तर प्रश्न सुटतो, पण मग नऊ व्होल्टची बॅटरी आली. बहुतेक गिटारींत केबल खोचलेली असेपर्यंत ती बॅटरी खर्च होत राहते, म्हणून मध्यंतरात केबल काढून ठेव. बॅटरी उतरली की आवाज आधी फाटतो, मग बसतो. ड्रेडनॉट (मोठ्या आकाराच्या) गिटारीच्या पोटातली हवा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास घुमते. तिथेच 'हूंऽऽ' सुरू होतं. साउंडहोलला रबरी झाकण लाव, प्रीअँपवरचं फेजचं बटण दोन्हीकडे करून बघ, तरी राहिलं तर १०० ते २०० हर्ट्झच्या पट्ट्यात नेमकी घुमणारी जागा शोधून तेवढीच काप. सगळा बेस कापलास तर गिटार पत्र्याच्या डब्यासारखी वाजेल. गळ्यांच्या चॅनेलवर मात्र १०० हर्ट्झच्या खालचं सरळ बंद, तिथे वारा आणि पायांचे धक्के याखेरीज फारसं काही नसतं. काहोनचा माइक मागच्या भोकापासून वीतभर दूर आणि जरा तिरका.

गिटार-बासचे तिन्ही आवाज एकाच पट्टीत दाटले तर मिक्सरवरच्या इक्वलायझरच्या बटणांनी काही होत नाही. एका गिटारीला चौथ्या-पाचव्या घरात कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लाव, दुसरी मोकळ्या कॉर्डवर राहू दे. निम्मं मिक्सिंग तिथेच होतं.

विजेच्या बाबतीत हयगय नको, हे अगदी कळकळीनं सांगतोय. घरातल्या पंधरा अँपिअरच्या एकाच प्लगवरून सगळं साउंड घ्या, मांडवाची रोषणाई आणि डिमर दुसऱ्या लाइनवर. गुणगुण आली म्हणून एक्स्टेन्शनची अर्थ पिन मोडणारे साउंडवाले भेटतील, त्यांना हात लावू देऊ नकोस. गुणगुण घालवायला डीआयवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं. उन्हाळ्याकडे जमीन सुकते तसं अर्थिंग कमजोर होतं. गिटारीच्या तारेवर बोटं आणि ओठ माइकला, अशा वेळी दोन्हींच्या विजेच्या दाबात (व्होल्टेजमध्ये) फरक असेल तर माणूस जाऊ शकतो. म्हणून गाण्याआधी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक माइकच्या जाळीला आणि दुसरं तारेला लाव. काटा जवळजवळ शून्यावर हवा. दोन-चार व्होल्टच्या वर गेला तर कारण सापडेपर्यंत सुरुवात करू नका. ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेला एक बोर्ड स्वतःचा करून घ्या आणि तोच सगळीकडे न्या.

आता वाद्यं. लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे पावसाळाभर ती ऐंशीच्या पुढे असते, त्यामुळे गिटारीचा वरचा फळा फुगलाय आणि तारा उंच झाल्यात, हे तू लिहिलंयस ते बरोबरच आहे. पण आत्ता सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती हाडाची पट्टी) घासून घेऊ नकोस. डिसेंबरात लाकूड सुकून बसलं की तारा फ्रेटवर खरखरतील आणि घासलेलं हाड परत येत नाही. आधी गिटार केसमध्ये सिलिका जेलच्या ताज्या पुड्यांसोबत राहू दे. मग पहिल्या फ्रेटला कॅपो लावून, जिथे दांडी पोटाला मिळते तिथे सहावी तार दाब आणि सहाव्या-सातव्या फ्रेटवरचं अंतर बघ. साधारण ०.२ मिलिमीटर हवं. जास्त असेल तर ट्रस रॉड (दांडीतली धातूची सळी) पाव फेरा आवळ, रात्रभर थांब, पुन्हा बघ. एका दमात फिरवला की दांडी जाते. खाऱ्या हवेत ८०/२० ब्राँझच्या तारा लवकर काळवंडतात. कोटिंगवाल्या फॉस्फर ब्राँझच्या, १२-५३ जाडीच्या घ्या, महाग असल्या तरी परवडतात. सुट्या तारांत पहिली आणि तिसरी जास्त ठेवा. तिसरीच्या गुंडाळीखालची तार फार बारीक असते, ती पटकन तुटते. खळ्यात दव पडायला लागलं की तार थंड होऊन सूर चढतो, त्यामुळे वाद्यं अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवा आणि चौथ्या गाण्यानंतर पुन्हा लावा. दुपारी टेम्पोच्या बंद केबिनमध्ये गिटार कधीच नको, ब्रिजखालचा गोंद उष्णतेनं सुटतो.

कार्यक्रम सव्वा तासाचा, बारा-तेरा गाणी. लाउडस्पीकरला २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर बंदी आहे, म्हणून साडेसातला सुरू आणि नवाच्या आत शेवट. पोलीस ठाण्याची परवानगी घ्यायचीच. सिनेमातली गाणी लोक मागतील. एखादं चालेल, पण टाळ्या त्या गाण्याला मिळतील. उरलेल्या वेळात बसा, बोला, चहा घ्या. लोक तुमच्याशी जोडले जातात ते याच तासाभरात.

याच वेळी वही फिरवायची. नाव, वाडी, मोबाइल, आणि कोणतं गाणं आवडलं. कॅलिफोर्नियाच्या ग्रेटफुल डेड या रॉक बँडनी १९७१ च्या एका अल्बमच्या वेष्टनावर रसिकांना पत्ते कळवायला सांगितलं आणि त्यातून हजारोंची यादी उभी केली. पुढे १९८४ पासून रेकॉर्डिंग करणाऱ्यांना त्यांनी कार्यक्रमात वेगळी जागाही दिली. त्या टेप हातोहात फिरल्या आणि गर्दी वाढली. दिल्लीच्या इंडियन ओशन या बँडनंही २०१० पासून आपल्या अल्बममधली गाणी दर महिन्याला एक अशी फुकट दिली होती. तुम्हीही मोबाइलवाल्यांना अडवू नका. उलट दोन्ही स्पीकरच्या मधोमध, चार-पाच मीटर मागे त्यांना बसवा. फार पुढे बसले तर फोनचा माइक फाटतो.

व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ माणसं बसतात आणि तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच निरोप जातो. म्हणून नंबर लिहून घेताना समोरच्याच्या फोनमध्ये तुमचाही सेव्ह करून द्या. प्रत्येक गावाची यादी वेगळी. महिन्याला दोनच निरोप: एक तारखेचा, एक गाण्याचा. गाणं १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत पाठव, चार मिनिटांचं चार एमबीच्या आत बसतं आणि रेंज कमी असलेल्या वाडीतही हळूहळू उतरतं.

मुंबईचा रस्ता याच वह्यांतून जातो. गणपतीला चाकरमानी येतात तेव्हा स्पीकर न लावता घरोघरच्या भजनानंतर दोन गाणी वाजवा. मे महिन्यात ते पुन्हा भेटतील. जवळजवळ प्रत्येक गावाचं मुंबईत एक मंडळ असतं, त्याच्या वार्षिक कार्यक्रमाला तुमचं नाव गावकऱ्यांनीच सुचवलं तर तिकिटं विकायला तुम्हाला फिरावं लागणार नाही.

पैशांचं थोडक्यात. तिकीट नको, क्यूआर कोड आणि ताट दोन्ही ठेवा. आधी डिझेल आणि साउंडभाडं, मग उरलेल्याचे पाच वाटे: चार तुमचे, पाचवा वाद्यांचा. कोणतं गाणं कोणी लिहिलं आणि चाल कोणाची, हे आजच कागदावर लिहून चौघांच्या सह्या घ्या. पुढे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे) सभासद होताना तो कागद लागेल. कोणी एकरकमी पैसे देऊन सगळे हक्क मागितले तर लक्षात ठेव, कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा करारानं काढून घेता येत नाही.

आठ गावांची नावं आणि दिवाळीनंतरच्या तारखा मला आठवड्याभरात कळव. सोबत तालमीचं एक साधं रेकॉर्डिंगही पाठव, खोलीच्या मधोमध फोन ठेवून केलेलं. कॅपो कुठे लावायचा ते मग गाण्यागणिक ठरवू.

घरी काकूंना नमस्कार सांग.

तुझाच