प्रोस्टेटच्या बायोप्सी अहवालात दाहाची नोंद सक्तीची करा : वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,
सविनय नमस्कार.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे आणि प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालील ग्रंथीच्या, बायोप्सी (तपासणीसाठी काढलेले ऊतीचे बारीक तुकडे) तपासणे हा माझ्या कामाचा भाग आहे. रक्तातील पीएसए हे प्रोस्टेटमध्ये तयार होणारे प्रथिन वाढलेले आढळले की रुग्णाला अनेकदा बायोप्सी सुचवली जाते. मात्र पीएसए ग्रंथीच्या दाहानेही वाढते. ‘कर्करोग आढळला नाही’ असा अहवाल आला की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो, आणि काचपट्टीवर दिसलेला जुनाट दाह पुष्कळदा अहवालात उतरतही नाही.

तो दाह दुर्लक्ष करण्याजोगा नाही. प्रोस्टेटमधील सूक्ष्म ग्रंथींभोवती लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींचा गराडा पडलेला असतो, ग्रंथी आक्रसलेल्या असतात, आणि तरीही त्यांच्या अस्तरातील पेशी झपाट्याने विभागत असतात. १९९९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील अँजेलो डी मार्झो आणि सहकाऱ्यांनी नेमक्या याच जागांकडे बोट दाखवून कर्करोगाची सुरुवात येथून होत असावी, असे मांडले. दाहपेशींतून सुटणारे फ्री रॅडिकल हे अतिक्रियाशील रेणू डीएनएला इजा करतात, आणि त्या इजेपासून पेशीचे रक्षण करणारे जीएसटीपी१ हे जनुक प्रोस्टेटच्या बहुतेक कर्करोगांत निष्क्रिय झालेले असते.

तरीही जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूबाबत दाह आणि कर्करोगाचा संबंध जितका सिद्ध झाला आहे, तितका तो येथे झालेला नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात कर्करोग झालेल्या सुमारे ८६ टक्के पुरुषांच्या कर्करोगमुक्त ऊतीत दाह आढळला, पण कर्करोग नसलेल्या सुमारे ७८ टक्के पुरुषांतही तो होताच. दुसऱ्या एका मोठ्या चाचणीत तर पहिल्या बायोप्सीत दाह दिसलेल्यांमध्ये पुढे कर्करोग कमी सापडला. म्हणून दाहाच्या नावाने रुग्णाला घाबरवणे मला मुळीच मान्य नाही. पण जे डोळ्यांना दिसते ते लिहायचेच नाही, हेही मान्य नाही.

शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत प्रोस्टेट बायोप्सीच्या अहवालाचा एकच नमुना लागू करावा आणि त्यात दाह आहे का, किती तुकड्यांत आहे, तीव्र आहे की जुनाट, ग्रंथी आक्रसल्या आहेत का, हे रकाने सक्तीचे करावेत. मुंबईत १९६३ पासून आणि बार्शीत १९८७ पासून लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी चालते. अशा नोंदणीशी या अहवालांची सांगड घातली, तर पहिला अहवाल निर्धोक आलेल्यांपैकी पुढे कोणाला कर्करोग झाला, हे आपल्याच रुग्णांच्या नोंदींवरून समजेल. यासाठी नवे यंत्र लागत नाही.

नमुन्याचा मसुदा करण्यासाठी पॅथॉलॉजी आणि युरोलॉजीच्या प्राध्यापकांची समिती आपण नेमावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक पॅथॉलॉजिस्ट