‘फाइल गयी’ म्हणण्याआधी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

न उघडणाऱ्या फाइलींवरचा आपला कालचा मजकूर वाचला आणि रात्रभर डोक्यात तोच घोळत राहिला. फाइल बिघडली तर इंटरनेटवरच्या कुठल्याही मोफत दुरुस्तीच्या साइटवर टाका, नाही जमलं तर नव्याने टाइप करा, असं आपण छापलंत. नव्याने टाइप कशावरून करायचं? माझी माय २०१९ साली गेली. तिच्या तोंडून ऐकून कानबाई या आमच्या देवीची गाणी आणि जात्यावरच्या ओव्या मी तीन उन्हाळी सुट्ट्यांत टाइप केल्या होत्या. एकसष्ट पानं, सगळी अहिराणीत, आमच्या खानदेशच्या बोलीत.

गेल्या श्रावणात, रोटांच्या म्हणजे कानबाईच्या सणाच्या आदल्या दिवशी, ती फाइल पेनड्राइव्हवर सेव्ह होत असतानाच लाइट गेली. त्यानंतर वर्ड ती उघडेना. दुसरी प्रत नव्हती, ही चूक माझीच. धावत तालुक्याच्या ठिकाणी एका दुकानात गेलो. दुकानदाराने दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, “गुरुजी, फाइल गयी आते.” पेनड्राइव्ह फॉरमॅट करून देऊ का, असंही विचारलं. वर तपासणीचे तीनशे रुपये घेतले. मी तेव्हा हो म्हटलं असतं तर मायचं सगळं पुसलं गेलं असतं. आठवलं की आजही हात कापतात.

रोटांसाठी पुण्याहून पुतणी आली होती. तिने आधी त्या फाइलची प्रत काढली आणि पुढचं सगळं प्रतीवरच केलं. मग फाइलचा आकार बघितला. शून्य केबी असता तर आत काही उरलं नसतं. आमचा चारशेच्या वर होता. वर्डच्या ओपनच्या खिडकीत ‘ओपन’ बटणाशेजारी छोटा बाण असतो, त्यात ‘ओपन अँड रिपेअर’ आहे. त्याने जमलं नाही. मग तिने लिब्रेऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर टाकलं. दुरुस्त करू का, असं त्याने विचारलं, तिने हो म्हटलं, आणि मायच्या ओव्या पडद्यावर आल्या. मी तिथेच रडलो.

तिने मला समजावलं ते असं. वर्ड २००७ पासूनची डॉक्स (.docx) फाइल म्हणजे झिप केलेलं गाठोडं. मजकूर, फोटो, मांडणी सगळं आत वेगवेगळं बांधलेलं असतं आणि कुठे काय आहे याची यादी अगदी शेवटी. लाइट गेली तेव्हा तो शेवटच लिहायचा राहिला. यादी नाही म्हणून वर्डने फाइल नाकारली, मजकूर मात्र जागेवर होता. जात्यावर बसलेल्या मायचा फोटो तेवढा गेला.

एवढी साधी गोष्ट आपल्या अर्ध्या पानात नव्हती. मूळ फाइलला हात लावू नका, हे एक वाक्यसुद्धा नव्हतं. उलट लोकांनी सातबारा, जातीचा दाखला, बँकेची कागदपत्रं अनोळखी साइटवर चढवावीत, असा त्याचा अर्थ होतो. शिवाय चित्रविचित्र अक्षरं दिसणाऱ्या जुन्या मराठी फाइलीही आपण खराब ठरवल्यात. त्या खराब नसतात. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात टाइप केलेल्या असतात, तो फॉन्ट संगणकावर नसला की तसं दिसतं. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, रूपांतर केलं की वाचता येतात. काल आपलं वाचून कुणी गावाची जुनी स्मरणिका डिलीट केली असेल, तर ती कोण परत आणणार? दुरुस्ती उद्याच्याच अंकात छापा.

आणि विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आपल्या रविवारच्या पुरवणीतलं अहिराणीचं सदर दिवाळीपासून बंद आहे. का बंद केलं, याची एक ओळही छापली नाही. धुळे, जळगाव, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांत आपला अंक जातो. मायच्या ओव्या त्या सदरासाठी पाठवायच्या म्हणून मी निवडून ठेवल्या आहेत.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. शिंदखेडा, जि. धुळे