आईच्या अंगठ्याची शाई: आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री, कर्नाटक राज्य यांस,
सा. न. वि. वि.

साहेब, गेल्या मंगळवारी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या गावातून आईला मानसोपचाराच्या ओपीडीत नेलं. पाच महिने धड झोप नाही, चुलीपुढं नुसती बसून असते. आधी बाहेरचं झालंय म्हणून देवरशी, अंगारा, कोंबडं सगळं करून झालं. ओपीडीत प्रश्न कन्नडमधून, फॉर्म कन्नडमधून, आई सगळ्याला आपली हं हं. जीव द्यावासा वाटतो का, हं. वाटत नाही ना, हं. मी आत गेले तर बाहेर थांबा म्हणे. (मला कन्नड येतंय हो, वैर नाही. आणि तीच नर्स नंतर टपरीवर चहा पीत मस्त मराठी बोलत होती.) शेवटी अंगठा घेतला. रात्रीची गोळी आईनं सकाळी घेतली, न्हाणीत पडली, कपाळाला चार टाके.

हा तिचा पहिला अंगठा नव्हं. त्याआधीचा मायक्रोफायनान्सच्या कागदावर, गटातल्या बायकांनी लाव म्हटलं म्हणून. हप्तेवाला दारात येऊन बसायला लागला तिथनं तिची झोप गेली, पण कर्जाचं कुणी विचारलंच नाही. 2025 ला तुमच्या सरकारनं वसुलीच्या जबरदस्तीवर वटहुकूम काढला, अभिनंदन, तो तिला वाचून कोण दाखवणार होतं?

2017 चा मानसिक आरोग्य कायदा म्हणतो आजाराची नि उपचाराची माहिती पेशंटला कळेल अशा भाषेत द्या. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसोपचार संस्थेच्या 2015-16 च्या सर्वेत शंभरात दहा-अकरा मोठी माणसं मनानं आजारी. 2011 ला आपल्या जिल्ह्याची साक्षरता 73 टक्के, म्हणजे चारातल्या एकाला चिठ्ठी वाचता येत नाही. करा गुणाकार, तुमच्याकडं अधिकारी आहेत. माझा गुणाकार सोपा आहे, चार दिवस खाडा, पगार कापला, रात्री आईच्या उशाशी जागून आता माझंच डोकं भणभणतंय.

गोळ्यांच्या पाकिटावर सूर्य-चंद्राचं चित्र काढा आणि ओपीडीत मराठी समजणारं एक माणूस बसवा, एवढंच मागतेय. पण एवढ्यासाठी कुणाचं रक्त उसळत नाही. 2012 पासून बेळगावात विधिमंडळाची सुवर्णसौध उभी आहे, दरवर्षी अधिवेशनाला गाड्यांचे ताफे येतात, बोर्डाच्या भाषेवरनं दोन्हीकडचे पुढारी घसा कोरडा करतात, सीमाप्रश्न 2004 पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे, आणि बोर्डाखाली बसलेल्या बाईला तर कुठलंच अक्षर वाचता येत नाही. तिच्यासाठी बंद पुकारलेला ऐकलाय का कधी?

उत्तर पाठवलंत तर मराठीत पाठवा. नसेल जमत तर खाली अंगठ्याला जागा सोडा, आईला सवय झालीय.

आपली,
खानापूर तालुक्यातली एक लेक