रोप-वे बांधण्याआधी तो सांभाळणारी माणसं तयार करा
कर्नाटकच्या पर्यटनमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
माननीय पर्यटनमंत्री,
कर्नाटक राज्य

सादर नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातला फिटर. बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडर बनवणाऱ्या कारखान्यात काम शिकलो आणि पुढे एका ठेकेदारामार्फत हिवाळ्यात हिमाचलला जाऊ लागलो. तिथे एका छोट्या स्की-उतारावर लिफ्टची देखभाल करायची, हे माझं काम. जागेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माझी तक्रार कुणा एकाविरुद्ध नाही.

आपल्या जिल्ह्यात बर्फ पडत नाही. स्कीइंग आणा असं मागायला मी लेखणी उचललेली नाही. पण सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगराच्या विकासासाठी केंद्राने 2024 मध्ये 100 कोटी रुपये मंजूर केले. बेंगळुरूजवळच्या नंदी हिल्सच्या रोप-वेची पायाभरणी 2023 मध्ये झाली. पर्यटन वाढवायचं म्हटलं की रोप-वे, झिपलाइन, काचेचा पूल ही नावं आता पहिल्या दमात येतात. उद्या यल्लम्मा डोंगरावर, गोकाकच्या धबधब्यावर किंवा राजहंसगडावर असं काही उभं करायचं ठरलं, तर त्याच्या निविदेत लोखंड किती, सिमेंट किती, पार्किंग किती हे सगळं असेल. ते रोज चालवणार कोण, हे बहुधा एका ओळीत उरकलेलं असेल. ती ओळ वाढवा, एवढंच मागायला हे पत्र आहे. जिथे माणसं वायर-रोपच्या भरवशावर उंचावरून जाणार, तिथे ती वायर-रोप सांभाळणारी माणसं आधी नेमा. इथलीच नेमा, कायम पगारावर नेमा, शिकवून तयार करा. आणि धोका दिसला तर यंत्र थांबवण्याचा अधिकार त्यांना लेखी द्या.

पडद्यामागे काय चालतं हे बाहेरून दिसत नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

आमच्या उतारावर एक छोटी चेअर-लिफ्ट होती आणि एक ओढणारी लिफ्ट. ओढणाऱ्या लिफ्टला खाली-वर दोन मोठी चाकं असतात, त्यांच्याभोवती फिरणारी अखंड वायर-रोप आणि रोपला लटकलेल्या काठ्या. काठीच्या टोकाची चकती मांड्यांमध्ये धरली की रोप माणसाला उतारावरून वर खेचत नेते. पर्यटक नऊ-दहाला येतो. आमचा दिवस अंधारात सुरू व्हायचा. खांबांवरच्या पुलींमध्ये रात्री बर्फ गोठलेला असायचा. तो लाकडी मोगरीने ठोकून काढायचा. लोखंडी हातोडी चालत नाही, पुलीतला रबराचा पट्टा फुटतो. पट्टा फुटला की रोप लोखंडावर घासते, आणि घासलेल्या रोपची एकेक तार तुटायला लागते. मग रोप अगदी हळू फिरवून, थांबवून-थांबवून डोळ्यांखालून घालायची. कापडाचा बोळा रोपवरून फिरवला की तुटून वर आलेली तार कापडाला अडकते. ती जागा रंगाने खूण करून वहीत लिहायची. एकाच भागात अशा तारा वाढत गेल्या तर ती रोप वापरातून काढायची वेळ आली.

प्रत्येक खांबावर पुलींच्या शेजारी एक ठिसूळ पट्टी असते आणि तिच्यातून बारीक वीजप्रवाह जात असतो. रोप पुलीवरून घसरली तर ती या पट्टीवर आपटते, पट्टी मोडते, प्रवाह तुटतो आणि लिफ्ट आपोआप बंद पडते. बोटभर वस्तू, पण खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाचा जीव तिच्यावर असतो. थंडीमुळे ही पट्टी कधी कधी उगाच मोडते. मग लिफ्ट बंद, खाली रांग, रांगेत आरडाओरडा. अशा वेळी पट्टीच्या जागी साध्या वायरचा तुकडा जोडून लिफ्ट सुरू करण्याचा मोह होतो. असा जोडलेला तुकडा मी माझ्या हाताने काढला आहे. तो कुणी जोडला हे मला कळलं नाही, पण का जोडला हे मला नेमकं ठाऊक आहे. लिफ्ट बंद राहिली की वरून फोन येतात, आणि फोन घेणाऱ्याची नोकरी महिन्याच्या बोलीवर असते.

भाड्याने स्की देणाऱ्या खोलीतही हेच. स्कीला बूट धरून ठेवणाऱ्या पकडीत स्प्रिंग असते. माणसाचं वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि त्याला किती येतं, हे पाहून ती किती कसायची ते ठरतं. सैल राहिली तर उतारावरून घसरताना मध्येच स्की निखळते. जास्त कसली तर पडल्यावर सुटत नाही आणि गुडघा पिरगळतो. खोलीतल्या पोराला दर माणसामागे मिनिटभर मिळतं, त्यात वजन विचारलं की लोक रागावतात. तरी ते पोर विचारतं. संध्याकाळी लिफ्ट बंद झाली की दोघे-तिघे वरून उताराची एकेक बाजू बघत खाली येतात, कुणी मागे पडलेला नाही याची खात्री करतात, आणि मगच यंत्राची चावी काढतात. मोठ्या ठिकाणी बर्फ दाबायला पट्ट्यांवर चालणारी गाडी असते. आमच्याकडे बरेचदा पोरंच ओळीने, स्की आडव्या ठेवून, पाऊल-पाऊल वर चढत बर्फ दाबायची.

मंत्रीमहोदय, आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहिलं ती सांगतो. आमच्यात एक वयस्क पहाडी ऑपरेटर होते, सगळे त्यांना चाचा म्हणायचो. नव्या पोरांना त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "पहले खाली चलाओ, फिर सवारी." ऐन गर्दीच्या दिवशी दुपारी त्यांना वरच्या एका खांबावरून वेगळा आवाज आला. त्यांनी लाल बटण दाबलं. खुर्च्यांवर माणसं लटकलेली, खाली रांग, आणि ठेकेदाराचा माणूस ओरडत धावत आला. मी खांबावर चढलो. पुलीचा रबरी पट्टा अर्धा सुटून बाहेर आला होता आणि रोप काठावर आली होती. हळू चालवून माणसं उतरवली, पट्टा बदलला, तासाभरात लिफ्ट सुरू झाली. दुसऱ्या दिवशी चाचांना कामावर बोलावलं नाही. कारणही कुणी सांगितलं नाही. रोजंदारीच्या माणसाला कारण द्यावं लागत नाही.

त्यानंतर त्या लिफ्टवर कुणीही लाल बटणाकडे हात नेताना आधी आजूबाजूला बघायचं. मला भीती त्या बघण्याची वाटते.

आपल्या देशात अपघात झालेले आहेत, आणि ते नीट पाहिले तर यंत्राइतकीच त्याच्यामागची माणसंही दिसतात. 1992 साली हिमाचलमधल्या परवाणूला रोप-वेची केबल तुटली. केबिनमध्ये प्रवाशांबरोबर असलेल्या कर्मचाऱ्याने उडी मारली आणि तो गेला. 25 जून 2017 रोजी गुलमर्गला जोराच्या वाऱ्यात झाड उन्मळून गोंडोलाच्या, म्हणजे बंद केबिनच्या रोप-वेच्या, केबलवर पडलं आणि 7 जण मरण पावले, त्यात दिल्लीचं एक कुटुंब होतं आणि तिथलेच गाईड होते. वारा किती झाला की बंद करायचं, हे कागदावर कुठे ना कुठे लिहिलेलं असतंच. रांग लागलेली असताना ते पाळायचा धीर कुणाकडे आहे, हे कागद सांगत नाही.

10 एप्रिल 2022 रोजी झारखंडमधल्या देवघरच्या त्रिकूट पर्वतावर रोप-वेचा शाफ्ट तुटला आणि ट्रॉल्या मध्येच अडकल्या. सुटका 12 तारखेपर्यंत, तिसऱ्या दिवशीपर्यंत चालली. हवाई दल, लष्कर, एनडीआरएफ सगळे आले, त्यांच्या शौर्याला सलामच आहे. पण ते पोहोचण्याआधी त्याच रोप-वेवर देखभालीचं काम करणाऱ्या पन्नालाल नावाच्या स्थानिक माणसाने दोर आणि खुर्ची वापरून कितीतरी जणांना खाली आणलं होतं. पंतप्रधानांनी नंतर त्याच्याशी बोलून त्याचं कौतुक केलं. त्याला तो डोंगर पाठ होता, ते यंत्र पाठ होतं, म्हणून त्याला ते जमलं. त्याच आठवड्यात केंद्रीय गृहमंत्रालयाने सगळ्या राज्यांना लिहिलं, की प्रत्येक रोप-वेचं सेफ्टी ऑडिट करा, देखभालीच्या नोंदी ठेवा. ऑडिट करणारे वर्षातून एकदा येऊन जातील. पन्नालाल रोज तिथे असतो.

आपल्याकडच्या जागांचं वेळापत्रकही बर्फासारखंच हंगामी आहे. यल्लम्माच्या डोंगरावर पौर्णिमांच्या यात्रेला कोल्हापूर-सांगलीपासून लाखोंनी लोक येतात, "उदं गं आई उदं"च्या गजरात पाय ठेवायला जागा नसते, आणि मधल्या दिवसांत डोंगर मोकळा असतो. गोकाकचा धबधबा पावसाळ्यात भरतो, उन्हाळ्यात कातळ दिसतो. ठेकेदार हिशेब काय करणार? यात्रेपुरती माणसं घ्या, बाकी घरी पाठवा. स्की-उतारावर हाच हिशेब चालतो. बर्फ नाही तर पगार नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये गुलमर्गला बर्फ अपुरा म्हणून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा पुढे ढकलल्या, तेव्हा खेळाडूंची निराशा बातम्यांत आली आणि ती यायलाच हवी होती. उतारावर राबणाऱ्यांच्या त्या आठवड्यांच्या मजुरीबद्दल मला कुठे वाचायला मिळालं नाही.

पण लिफ्टचं खरं काम हंगाम नसतानाच असतं. गिअरबॉक्स उघडायचा, बेअरिंग बदलायची, ब्रेकची पट्टी मोजायची, शाफ्टला बारीक तडा गेला आहे का ते तपासायचं, रोप थोडी सरकवून तिचा जोड पुन्हा नीट बघायचा. हे सगळं गर्दी नसताना, सावकाश करायचं असतं. माणसं घरी पाठवलेली असतील तर ते कोण करणार? आणि पुढच्या हंगामाला नवीन माणसं आली, तर गेल्या वर्षी कुठला खांब कसा वाजत होता हे त्यांना कोण सांगणार?

ही माणसं बाहेरून आणायची गरज नाही. उद्यमबाग आणि मच्छेच्या पट्ट्यात ओतकाम, मशिनिंग, हायड्रॉलिक्स यात हात बसलेली हजारो माणसं आहेत. शाफ्टला तडा आहे का हे अल्ट्रासॉनिकने बघणं इथल्या कितीतरी शॉपमध्ये रोजचं काम आहे. खानापूरची पोरं कामासाठी घाट उतरून गोव्याला जातात, त्यांना इथेच थांबायचं आहे. आणि अडकलेल्या माणसाला दोराने खाली उतरवायचं शिक्षण? बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राचं गाव आहे, कमांडो प्रशिक्षणही इथेच होतं. आमच्या भागात निवृत्त जवान नाही असं गाव शोधावं लागेल. त्यांच्यातले काही उणे वीसच्या थंडीत उभे राहिलेले आहेत. यंत्राचा भाग आयटीआयने शिकवावा, सुटकेचा भाग या जवानांनी शिकवावा. पहिली तुकडी एका हिवाळ्यासाठी गुलमर्ग किंवा हिमाचलमधल्या सोलंगला पाठवा. थंडीत, वाऱ्यात, गर्दीत यंत्र कसं वागतं हे तिथे आपल्यापेक्षा कितीतरी आधीपासून माणसं शिकत आली आहेत.

करारात काय हवं, हेही सांगतो. देखभालीची माणसं ठेकेदाराच्या मर्जीवर नकोत, बारा महिने पगारावर हवीत, आणि विमा त्यांचाही हवा, फक्त प्रवाशाचा नको. सकाळची तपासणी पूर्ण झाल्याची सही असल्याशिवाय पहिलं तिकीट फाटू नये. ती वही तिकीट खिडकीवर लोकांना दिसेल अशी ठेवा. नोंद कन्नडमध्ये असो की मराठीत, ती रोज व्हावी. ज्याने लाल बटण दाबलं त्याला त्या दिवशी कुणी जाब विचारू नये. चौकशी करायची ती यंत्राची करा. बटण दाबल्याबद्दल माणूस कामावरून काढला तर ठेकाच रद्द होईल, असं स्पष्ट लिहा. यात पैसे फार लागत नाहीत. पार्किंगच्या फरशीवर जेवढे जातात त्याच्या तुलनेत तर काहीच नाहीत.

पर्यटन वाढावं असं मलाही वाटतं. माझ्या गावापासून तासाभराच्या अंतरावर रोप-वे झाला तर मला हिवाळ्यात घर सोडावं लागणार नाही. म्हणूनच तो नीट व्हावा यासाठी जीव तुटतो.

डिसेंबरमध्ये हिवाळी अधिवेशनासाठी आपण बेळगावला, सुवर्ण विधानसौधमध्ये असाल. आम्हाला अर्धा तास द्यावा ही विनंती. लिफ्टवर काम केलेले आम्ही काही जण आणि एक-दोन निवृत्त जवान असे येऊ. निविदेचा मसुदा तयार असेल तर तो सोबत ठेवा, देखभाल आणि मनुष्यबळाच्या कलमात काय घालायला हवं ते आम्ही ओळ न् ओळ बसून सांगू.

आपला विश्वासू,
खानापूर तालुक्यातला एक फिटर