लाडवांचा डबा

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू विचारलंस, "बाबा, स्पिरिट ग्रुप घेऊ की फ्रॅटर्निटी?" आणि मी "आधी अभ्यास बघ" म्हणून विषय उडवून लावला. स्पिरिट ग्रुप म्हणजे मॅचला युनिव्हर्सिटीचा जोश राखणारी मुलं आणि फ्रॅटर्निटी म्हणजे मुलांची बंधुमंडळी, एवढं मला कळतं. तेव्हापासून आई माझ्यावर चिडलेली आहे. म्हणून हे पत्र. मराठी शाळेतलं वाचन इतपत पुरेल. अडलास तर आईला विचार, मला नको.

आजीला मी सांगून टाकलं की नातू ऑस्टिनला बैल सांभाळणार म्हणतोय. पोळ्याला शिंगं रंगवण्यात हयात गेलेली बाई ती, तिचा निकाल तिथेच लागला! पण तिला सगळं सांगितलं नाही. तो बीव्हो, म्हणजे तुमच्या युनिव्हर्सिटीचा मानाचा बैल, २०१९ च्या शुगर बोल या फुटबॉल मॅचला कठडा पाडून जॉर्जियाच्या बुलडॉगवर धावून गेला होता, हे तिच्या कानावर न गेलेलंच बरं. बैल सांभाळणारा तो सिल्व्हर स्पर्स ग्रुप १९३७ पासून आहे, मॅचला बैल मैदानात आणतो, ते मला आवडलं. हाताला काहीतरी काम आहे.

फ्रॅटर्निटीबद्दल तुला वाटतं तसा माझा राग नाही. आपल्या देशी मुलांची डेल्टा एप्सिलॉन साय ही फ्रॅटर्निटी तुझ्याच कॅम्पसवर १९९८ साली निघाली. परक्या गावात आपली माणसं हवीशी वाटतात. मीही इथे आलो तेव्हा पहिल्या महिन्यात महाराष्ट्र मंडळ शोधलंच की.

मात्र "स्पिरिट ग्रुप म्हणजे सेफ" असं तू म्हणालास, ते मला पटलं नाही. टेक्सस काउबॉइज म्हणजे मॅचला तोफ उडवणारा, १९२२ पासूनचा मानाचा ग्रुप. १९९५ मध्ये त्यांच्या नव्या मुलांच्या कार्यक्रमात एक मुलगा कोलोरॅडो नदीत बुडाला. २०१८ मध्ये रिट्रीटहून परतताना गाडीचा अपघात झाला आणि त्यात पुढे एक मुलगा गेला. रिट्रीटमध्ये काय काय झालं ते चौकशीत बाहेर आलं आणि २०१९ ला युनिव्हर्सिटीनं सहा वर्षांसाठी ग्रुप बंद केला. हेझिंगमध्ये, म्हणजे इथल्या रॅगिंगमध्ये, दोषी ठरलेल्या ग्रुपांची नावं युनिव्हर्सिटी जाहीर करते. काल रात्री मी ती यादी वाचत बसलो. तूही वाच, दोन्हीकडची नावं शोध.

आता जे फोनवर बोलता आलं नाही ते.

१९९२ ला मी सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉस्टेलला गेलो. रॅगिंगविरोधी कायदा महाराष्ट्रात १९९९ ला आला, त्याआधीची गोष्ट. सीनियरसमोर नजर शर्टाच्या तिसऱ्या बटणावर ठेवायची, रात्री दोनला उठवलं की गच्चीवर जायचं. हे तुला मी पूर्वी हसत हसत सांगितलंय. पुढच्या वर्षाचं कधी सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी मी सीनियर होतो. खेड्यातून आलेला एक बुटका मुलगा होता. त्याच्या आईनं शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा दिला होता. आम्ही तो त्यालाच वाढायला लावला. पंगत बसवली, तो एकेकाला "घ्या सर" म्हणत फिरला. त्याला एकही मिळाला नाही. डबा रिकामा झाल्यावर तो घासून आणायला मी सांगितलं. मी. दुसरं कोणी नाही. तेव्हा वाटलं, आपण सोसलं, आता त्यानं सोसावं. तीन वर्षं एकाच मेसमध्ये जेवलो, तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

तुला प्लेज, म्हणजे नवा भरती होणारा, म्हणून कोणी त्रास देईल याची काळजी आहेच. टेक्ससचा कायदा तुझ्या बाजूचा आहे, मुलगा राजी होता ही सबब तिथे चालत नाही आणि माहीत असून गप्प राहणंही गुन्हा आहे. मला जास्त भीती तुझ्या सोफोमोर, म्हणजे दुसऱ्या, वर्षाची वाटते. समोर नवा पोरगा उभा असेल आणि बाकीचे तुझ्याकडे बघत असतील.

म्हणून दोन्हीकडे जा आणि मोठ्या पोरांना नाही, गेल्याच वर्षी आत आलेल्यांना गाठ. पहिल्या सेमिस्टरला काय काय केलं ते विचार. सरळ सांगतात की एकमेकांकडे बघून हसतात, तेवढं बघ. मिडटर्म आहे म्हणून एक मीटिंग चुकवतो असं सांगून बघ, तोंड कसं होतं ते कळेल. आणि ड्यूज किती ते लेखी घे. पैसे मी देईन, पण आकडा आधी कळू दे.

माझा कल बैलाकडे आहे, लपवत नाही. फ्रॅटर्निटीतल्या तुझ्या बिग ब्रदरबद्दल, म्हणजे तुला सांभाळून घेणाऱ्या सीनियरबद्दल, तू बोलतोस तेव्हा तुझा आवाज जरा बदलतो, तेही मी ऐकलंय. त्याच्याशी या पत्रातलं बोलायचं तर खुशाल बोल.

परवा रात्री आठनंतर फोन कर, त्याआधी मी गाडी चालवत असतो. आजीला बैलाचा फोटो हवाय, शिंगांसकट.

तुझा,
बाबा