माझ्या नावावर पहिली नोंद करून देणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

तुमची बदली झाल्याचं मला गेल्या आठवड्यात कळलं. तुम्हाला एक गोष्ट सांगायला म्हणून मुद्दाम शाखेत आले होते, तर तुमच्या खुर्चीवर दुसरंच कोणीतरी. तुमचा नवा पत्ता मागणं बरं दिसलं नसतं, म्हणून हे उघड पत्र.

तुम्हाला कदाचित मी आठवणारही नाही. हातात तीन नकारपत्रं घेऊन आलेली, उभ्यानेच बोलायला लागलेली बाई. तुम्ही आधी म्हणालात, "काकू, बसा. मग सांगा." त्या दोन महिन्यांत मला बसा म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच.

यजमान गेल्यावर बँकेला कळवलं आणि माझं क्रेडिट कार्ड बंद पडलं. नऊ वर्षं ते माझ्या पर्समध्ये होतं, त्यावर माझं नाव होतं, त्यामुळे ते माझंच आहे असं मी धरून चालले होते. ते पुरवणी कार्ड होतं. मूळ खातं त्यांचं. खातं बंद झालं की पुरवणी कार्डही बंद. सगळी बिलं मी वेळेवर भरायची, तारखा मी सांभाळायची, पण नोंद त्यांच्या नावावर होत राहिली. माझ्या नावापुढे कोरं पान. आयुष्यभर कुणाचं देणं ठेवलं नाही, याचा मला अभिमान होता. आणि नकारपत्रात कारण लिहिलेलं, पतइतिहास, म्हणजे उधारी फेडल्याची नोंद, उपलब्ध नाही. ते वाचून मला खूप लागलं होतं. मी ते तुम्हाला बोलूनही दाखवलं.

तेव्हा तुम्ही जे सांगितलंत, त्यासाठी खरं तर हे पत्र. "तुमची पत वाईट नाही, काकू. ती कुणी लिहूनच ठेवलेली नाही." मी ग्रंथालयात नोकरी केलेली बाई. पुस्तक कपाटात असूनही नोंदवहीत चढवलेलं नसेल तर वाचकाला ते मिळत नाही, हे मी रोज पाहिलेलं. एका वाक्यात माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं.

मग तुम्ही नकारपत्रांच्या तारखा पाहिल्यात. घाबरून मी नव्या कार्डासाठी एकामागून एक तीन ठिकाणी अर्ज टाकले होते. प्रत्येक अर्जागणिक पतअहवालात, म्हणजे आपल्या उधारीच्या नोंदी असतात त्या अहवालात, चौकशीची नोंद होते, आणि थोड्या दिवसांत अशा बऱ्याच चौकश्या दिसल्या की देणारा आणखी सावध होतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. "आता काही दिवस कुठेही अर्ज करू नका," म्हणालात. स्वतःचा अहवाल स्वतः मागवून पाहिला तर त्यातले पतगुण (क्रेडिट स्कोअर) कमी होत नाहीत, हेही तेव्हाच कळलं.

एक गोष्ट मी त्या दिवशी तुमच्यापासून लपवणार होते. आधी फोनवर बोललेल्या एकाने मला सुचवलं होतं की उत्पन्नाच्या रकान्यात आकडा थोडा वाढवून लिहा, कोण बघतं. माझं निवृत्तिवेतन तुटपुंजं. तुमच्यासमोर तो रकाना भरताना माझं पेन अडलं. तुम्ही ते ओळखलंत आणि हळूच म्हणालात, "आहे तेच लिहा. तारणाच्या कार्डाला एवढं उत्पन्न पुरतं." ताई, त्या वयात, त्या मनःस्थितीत माझ्या हातून खोटं लिहिलं गेलं असतं. ते तुम्ही होऊ दिलं नाहीत.

तारणाचं कार्ड म्हणजे काय, ते तुम्ही अगदी उलगडून सांगितलंत. आपली ठेव बँकेकडे तारण राहते, तिच्या बेताने कार्डाची मर्यादा ठरते, आणि कार्ड चालू आहे तोवर ती ठेव मोडता येत नाही. मी माझी सगळी ठेव पुढे केली होती. मर्यादा मोठी मिळेल म्हणून. तुम्ही ती मागे सारलीत. आजारपणात लागणारा पैसा यात अडकवायचा नाही, म्हणालात, आणि एक छोटी रक्कम वेगळी काढायला लावलीत. बँकेच्या खुर्चीवर बसून ग्राहकाला कमी ठेवा म्हणणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

वापराबद्दल तुम्ही एका चिठ्ठीवर लिहून दिलंत. ती चिठ्ठी अजून माझ्या वहीत आहे. दरमहा एखादंच ठरावीक बिल या कार्डावर. एकूण खर्च मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत. खात्यातून रक्कम आपोआप वळती करायची, पण किमान नव्हे, पूर्ण. रोख कधीच काढायची नाही, कारण तिला बिनव्याजी मुदत नसते, व्याज त्याच दिवसापासून. 'पूर्ण' या शब्दाखाली तुम्ही दोनदा रेघ मारलीत. का, ते घरी येऊन मी स्वतः मांडून पाहिलं. महिन्याला ३ टक्के व्याज धरलं तर वर्षाचे ३६ होत नाहीत. चक्रवाढीने साडेबेचाळीसच्या वर जातात. आणि दरमहा बाकीच्या फक्त ५ टक्के भरत राहिलं, नवी खरेदी अजिबात केली नाही, तरी बाकी निम्मी व्हायला जवळजवळ ३२ महिने लागतात. विवरणपत्रावर 'किमान देय रक्कम' किती सोज्वळ दिसते! माझ्या वयाच्या प्रत्येकाने हे गणित एकदा स्वतःच्या हाताने करावं, असं मला फार वाटतं.

कार्ड आलं तेव्हा पिन ठरवताना तुम्ही मान दुसरीकडे वळवलीत आणि म्हणालात, "मलासुद्धा सांगायचा नाही. ओटीपी तर बँकेचं नाव घेऊन कुणी मागितला तरी नाही." पुढे एकदा तसा फोन आलाच. आवाज गोड, घाई फार. मी तुमचं वाक्य आठवलं आणि फोन ठेवला.

मधल्या काळात मी याविषयी थोडं वाचलं. अमेरिकेत बँका विवाहित बाईला पतपुरवठा करताना सर्रास नवऱ्याची सही मागत. १९७४ साली समान पतसंधीचा कायदा झाला तेव्हा त्याला आळा बसला. १९७६ मध्ये त्याच कायद्यात वयाची तरतूद आली, म्हणजे केवळ म्हातारपणाच्या नावाखाली अर्ज नाकारता येईना. हे वाचताना मला तुमची आठवण आली. माझ्यासमोर तुम्ही वय, वैधव्य आणि निवृत्तिवेतन यांपैकी एकाचाही अडचण म्हणून उच्चार केला नव्हता.

आता जे सांगायला आले होते ते. सहा महिने पूर्ण झाल्यावर मी माझा अहवाल मागवला. त्यात पहिल्यांदा पतगुणांचा आकडा आला आहे. सहाही बिलांपुढे 'वेळेवर' असं लिहिलेलं आहे. मूळ कार्डधारक म्हणून माझं नाव आहे.

तारणाची ठेव मोकळी करून साधं कार्ड देऊ का, असं बँकेने परवा विचारलं. मर्यादाही वाढवून देणार म्हणतात. मी अजून हो म्हटलेलं नाही. कुठे भेटलात तर आधी तुम्हाला विचारायचं आहे.

तुमची,
तीन नकारपत्रं घेऊन आलेली काकू