गाडी मिसिंग मारते? गॅरेजवाल्याला आधी कोड विचारा

संपादक साहेब, नमस्कार.

पाऊस लागला की आपल्या नागपुरात दरवर्षीचंच आहे, नरेंद्र नगरच्या पुलाखाली पाणी साचतं, लोकं त्यातून गाड्या काढतात आणि मग सकाळी इंजिन थरथरून राहिलं, पिकअप नाही, चेक इंजिनचा दिवा लागलेला. गॅरेजवाला नुसता कान लावून सांगतो, भाऊ सगळे प्लग न सगळ्या कॉइल (प्लगला ठिणगीसाठी करंट देतात त्या) बदलाव्या लागतील. माझ्या पुतण्याला असंच एस्टिमेट दिलं, स्कॅनर लावलाच नाही! काहून बदलायचं सगळं?

अहो, कोणता सिलिंडर मिसिंग मारून राहिला, म्हणजे कुठं पेट्रोल नीट जळून नाही राहिलं, ते पेट्रोल गाडी स्वतःच सांगते. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ गाड्यांत आणि आधीच्याही बऱ्याच गाड्यांत स्टीअरिंगच्या खाली १६ पिनांचं सॉकेट असतं, त्यात ब्लूटूथवाला साधा स्कॅनर लावला की मोबाईलवर कोड येतो. पी०३०३ आला तर तिसरा सिलिंडर, पी०३०१ तर पहिला. पी०३०० असेल तर एकावर बोट ठेवता येत नाही, तिथं हवेची गळती, पेट्रोलमधलं पाणी असंही काही निघू शकतं.

समजा तिसरा निघाला. इंजिन थंड करा, चावी काढा, तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर न पहिल्याची तिसऱ्यावर लावा (बहुतेक गाड्यांत १० नंबरचा पाना पुरतो), कोड खोडा आणि एक चक्कर मारून या. आता ०३०१ आला तर कॉइलच गेली, एकच बदला. ०३०३ च राहिला तर तशीच प्लगची अदलाबदल करून पहा, तरी हलला नाही तर मग इंजेक्टर, उंदरानं कुरतडलेली वायर नाहीतर कॉम्प्रेशन, तिथं मात्र मेकॅनिकच पाहिजे.

कॉइल उपसली की टॉर्च मारून प्लगच्या खड्ड्यात पहाच. पाणी चमकलं तर आधी हवेनं उडवा, प्लग नंतर खोला, नाहीतर ते सरळ सिलिंडरमध्ये उतरतं. ऑइल दिसलं तर इंजिनच्या वरच्या झाकणाचं गॅस्केट गेलं. आणि कॉइलच्या रबरी बुटावर, म्हणजे प्लगवर बसणाऱ्या नळीवर, पेन्सिलनं ओढल्यासारखी बारीक काळी रेघ असेल तर करंट तिथूनच बाहेर पळून राहिला, बऱ्याच गाड्यांत नुसता बूट बदलूनही भागतं.

जुने मिस्त्री चालू इंजिनवर प्लगची वायर उपसून पाहायचे, आताच्या गाड्यांत ते करू नका, झटका जबर बसतो. न जळलेलं पेट्रोल पुढं कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणाऱ्या डब्यात) जाऊन पेटतं ते वेगळंच. म्हणून दिवा नुसता लागून असेल तर हळूहळू गॅरेजपर्यंत नेता येते, पण लुकलुकायला लागला की गाडी बाजूला घ्या, कारण कन्व्हर्टरच्या खर्चात असे प्लग कितीतरी वेळा येतील.

गॅरेजवाल्यांनी बिलावर कोड लिहून द्यावा आणि काढलेले पार्ट परत द्यावे, एवढं तरी ग्राहकांनी अडून मागावं. डिझेलवाल्यांनी मात्र हे वाचून कॉइल शोधत बसू नका बरं, तुमच्या इंजिनात ती नसतेच.

— एक वाचक, नरेंद्र नगर, नागपूर